साठ-सत्तर वर्षांच्या आउटबोर्ड मोटरी आजही दुरुस्त का होतात

होडीच्या मागच्या फळीला अडकवायची आणि काम झालं की उचलून न्यायची मोटर ही कल्पना जुनी आहे. गुस्ताव त्रुवे यांनी १८८१ मध्येच पॅरिसला सीन नदीत अशी बॅटरीवरची मोटर चालवून दाखवली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांची पेट्रोलवरची मोटर १९०५ च्या सुमारास आली. धंदा मात्र उभा केला तो मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी. १९०९ मध्ये बाजारात आलेली त्यांची मोटर दीड हॉर्सपॉवरची होती आणि वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. पत्नी बेस यांनी हिशेब आणि जाहिरात सांभाळली. वल्ही फेकून द्यायला सांगणारी ती प्रसिद्ध जाहिरात त्यांचीच. पुढे १९२२ च्या सुमारास जॉन्सन बंधूंनी ॲल्युमिनियमचा सढळ वापर करून वजन ३५ पौंडांवर आणलं.

जुन्या मोटरींच्या दुरुस्तीच्या दृष्टीने माझ्या मते सर्वात मोलाची घटना तांत्रिक नाही, व्यावसायिक आहे. १९२९ मध्ये एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड या मोटर कंपन्या एकत्र आल्या आणि १९३६ मध्ये जॉन्सनही त्यात सामील झाली. या एकाच कंपनीने, म्हणजे ओएमसीने (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन), १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९७० च्या दशकापर्यंत ३ ते ४० हॉर्सपॉवरच्या बहुतेक मोटरींत फ्लायव्हीलखाली, म्हणजे वरच्या जड फिरत्या चाकाखाली, जवळजवळ एकच मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र) बसवला. तेच कॉइल (ठिणगीसाठी वीज तयार करणारं तारेचं वेटोळं), तेच पॉइंट्स (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे संपर्क), तोच कंडेन्सर. लाखो मोटरींना एकच भाग लागत असल्यामुळे तो बनवणं आजही परवडतं. ज्या कंपन्यांनी दर मॉडेलला वेगळी रचना केली, त्यांच्या मोटरींसाठी भंगारात पडलेली दुसरी मोटर शोधत फिरावं लागतं.

पन्नाशीतल्या त्या मॅग्नेटोचा एक दुखरा भाग म्हणजे कॉइल. त्यावरचं आवरण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतं, ओल शिरते आणि ठिणगी मरते. फ्लायव्हील काढल्यावर कॉइलला चीर दिसली तर तपासत बसू नये, सरळ बदलावं. पॉइंट्स घासून स्वच्छ करावेत आणि ते पूर्ण उघडलेले असताना फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवावी. बंद पडलेल्या कितीतरी मोटरी एवढ्यावरच बोलू लागतात.

फेरबदलांत सर्वात जास्त केला जातो तो टाकीचा. पन्नाशीत पेट्रोलची टाकी मोटरीपासून वेगळी झाली, पण इंधन वर चढवायला पंप नव्हता. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतला, दाब एका नळीने टाकीत जायचा आणि तो दुसऱ्या नळीतून पेट्रोल वर ढकलायचा. म्हणजे होडीत, माणसाच्या पायाशी, दाबाखालचं पेट्रोल. टाकीचं रबर म्हातारं झालं की हे धोक्याचंच. १९६० च्या सुमारास कंपनीने स्वतःच डायफ्रॅम पंप (लवचीक पडद्याच्या हालचालीने चालणारा) आणला. आता जुन्या मोटरीला तसाच पंप बसवतात: दाब टाकीकडे पाठवणारे चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपा) काढायचे आणि एकाच सिलिंडरच्या क्रँककेसचा ठोका पंपाला द्यायचा. दोन्ही सिलिंडर जोडले तर ठोके एकमेकांना मारतात आणि पंप हलत नाही. मूळ रूप जपणाऱ्यांना हा बदल खटकतो. पण रोज पाण्यात जाणाऱ्या मोटरीला मी तो बिनदिक्कत सुचवेन.

तेलाचं प्रमाण मात्र मोटरीच्या सालाप्रमाणेच ठेवावं. या मोटरींत तेल पेट्रोलमध्येच मिसळतात; ओएमसीने ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल हे मिश्रण १९६४ पासून सांगायला सुरुवात केली. त्याआधी २४ ला १ चा काळ होता, आणि आणखी जुन्या, साध्या बुशावर (बेअरिंगऐवजी धातूच्या नळीवर) फिरणाऱ्या मोटरींना १६ ला १ लागायचं. आजचं तेल कितीही चांगलं असलं तरी बुशाला तेलाचा थर हवाच, पातळ मिश्रणाने तो टिकत नाही.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने नवं काम वाढवलं आहे. जुन्या कार्बुरेटरमधला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) बुचाचा असतो आणि त्यावर लाखेचा लेप. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, बूच पेट्रोल पिऊन जड होतं, आणि कार्बुरेटर भरून वाहू लागतो. बूच पूर्ण वाळवून त्यावर इथेनॉल सोसणाऱ्या लेपाचे पातळ थर चढवावेत, किंवा मापाचा प्लास्टिकचा फ्लोट घालावा. नळ्याही इथेनॉल चालणाऱ्याच घ्याव्यात.

ओएमसी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादनही थांबलं. कॉइल, पॉइंट्स आणि पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारे पाती असलेले चाक) इतर उत्पादक अजून बनवतात.