मॅडिसनची प्रेअरी आणि मेंडोटा लेक: फुलांच्या आणि पाण्याच्या मागे काय आहे

जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला गेलं की सकाळी युनिव्हर्सिटीच्या आर्बोरेटममध्ये, म्हणजे झाडांच्या मोठ्या उद्यानात, कर्टिस प्रेअरी नावाच्या गवताळ माळरानावरची फुलं बघायची आणि संध्याकाळी मेंडोटा लेकवर बोटीतून फेरी मारायची, असा दिवस सहज ठरतो. जांभळट बर्गमॉट, भडक केशरी बटरफ्लाय वीड, आणि डोक्याच्याही वर गेलेला पिवळ्या फुलांचा कंपास प्लँट, ज्याची पानं कडा उत्तर-दक्षिण करून उभी राहतात. बघताना वाटतं ही जमीन कायम अशीच असणार. पण हे सुमारे ७० एकर माणसांनी हाताने परत लावलेत, मधे कित्येक दशकं इथे शेत आणि नंतर घोड्यांचं कुरण होतं.

मुळात इथे हो-चंक हे अमेरिकेतले मूळ रहिवासी लोक राहायचे, या सगळ्या तलावांच्या परिसराला ते तेजोप म्हणजे 'चार तलाव' म्हणतात. १८३२ च्या करारात ही जमीन त्यांच्या हातून गेली, नंतर त्यांना पुन्हापुन्हा हाकलण्यात आलं आणि ते पुन्हापुन्हा परत येत राहिले. त्यांच्याबरोबर अजून एक गोष्ट गेली, आग. गवत मुद्दाम पेटवायची त्यांची पद्धत होती, आणि प्रेअरीची झाडं त्यावरच टिकून होती कारण त्यांचा जीव जमिनीखाली असतो, कंपास प्लँटची मुळं चार-चार मीटर खोल जातात. वरचं जळालं तरी ती परत फुटतात, पण मधे घुसलेली झुडपं आणि रोपटी मागे हटतात.

या मुळांमुळेच तिथली काळी माती तयार झाली, आणि त्या मातीनेच प्रेअरीचा घात केला असं म्हणायला हरकत नाही. ती इतकी चिकट की लोखंडी नांगराला लोंबायची, दर थोड्या वेळाने थांबून खरवडावी लागायची. १८३७ मध्ये इलिनॉयमध्ये जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी नांगर बनवला आणि मग काय, बघता बघता सगळं शेत झालं. इलिनॉयला आजही 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण तिथल्या मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही उरलेला नाही.

आर्बोरेटमचं उद्घाटन १७ जून १९३४ ला झालं, म्हणजे ऐन धुळीच्या वादळांच्या काळात, जेव्हा नांगरलेली माती अक्षरशः उडून चालली होती. तिथे वन्यजीव अभ्यासक आल्डो लिओपोल्ड यांनी मांडलं की गोरे शेतकरी यायच्या आधी हा भाग कसा होता त्याचा नमुना परत उभा करायचा. तेव्हा असं फारसं कुणी केलेलंच नव्हतं! १९३५ ते ४१ मध्ये सरकारी योजनेतल्या बेकार तरुणांचा कॅम्प इथे होता, महिन्याला ३० डॉलर पगार, त्यातले २५ घरी जायचे, आणि वनस्पतीतज्ज्ञ थिओडोर स्पेरी यांच्या देखरेखीखाली या मुलांनी मूळ प्रेअरीच्या शिल्लक तुकड्यांवरून रोपं आणि गवताची ढेकळं आणून इथे लावली. मला या सगळ्यात ही मुलंच सगळ्यात मोठी वाटतात, त्यांची नावं कुठल्या फुलाजवळ लिहिलेली नाहीत.

तरी केंटकी ब्लूग्रास हे बाहेरून आलेलं गवत हटेना. आपल्याकडे वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो, तिथेही आगीची तशीच भीती होती, पण १९४० च्या दशकात वनस्पतीतज्ज्ञ जॉन कर्टिस (प्रेअरीला नाव यांचंच) यांनी मुद्दाम तुकडे जाळून बघितले आणि दिसलं की आगीनंतर ब्लूग्रास मागे पडतं आणि प्रेअरीची झाडं जोर धरतात. हो-चंक लोकांना जे माहीत होतं ते असं प्रयोगाने परत शिकावं लागलं.

आता संध्याकाळची बोट. डावी-उजवीकडे झाडी, शहराकडे कॅपिटॉलचा, म्हणजे राज्याच्या विधानभवनाचा, पांढरा घुमट, आणि खाली पाणी, ज्यातून २०२१ मध्ये सुमारे १२०० वर्षांपूर्वीची एका खोडातून कोरलेली होडी बाहेर काढली, सोबत जाळ्याला बांधायचे दगड होते, आणि २०२२ मध्ये त्याहून जुनी, सुमारे ३००० वर्षांपूर्वीची. पण उन्हाळ्यात या पाण्यावर कधीकधी हिरवी साय धरते, पोहायचे किनारे बंद करावे लागतात. कारण परत तीच काळी माती. वरच्या भागात डेअरी फार्म आहेत, शेणखत आणि रासायनिक खतांतला फॉस्फरस वर्षानुवर्षं मातीत साठलाय, बर्फ वितळला की आणि मोठा पाऊस झाला की तो वाहून तलावात येतो आणि शेवाळाला आयतं खाणं मिळतं. खोल मुळांचं गवत होतं तेव्हा पाणी जमिनीत मुरायचं.

प्रेअरीचीही त्यातून सुटका नाही. आसपासच्या रस्त्यांचं आणि छपरांचं पावसाचं पाणी कर्टिस प्रेअरीत शिरतं, आणि त्या ओल्या भागात रीड कॅनरी ग्रास माजतं. खालच्या अंगाला चालत गेलात तर रंगीबेरंगी फुलं संपून एकसारखं हिरवं गवत कुठे सुरू होतं ते लगेच कळतं.