लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लीन (मुंबई)

डॉक्सीसायक्लीन हे टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविक आहे. ते जिवाणूच्या पेशीत प्रथिने तयार होण्याचे काम बंद पाडते. त्यामुळे जिवाणूंची वाढ खुंटते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. या गटातले पहिले औषध, ऑरिओमायसिन, १९४८ साली वापरात आले. ते ज्या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडले, तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रातल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. डॉक्सीसायक्लीन त्यानंतरचे, अमेरिकेत त्याला १९६७ मध्ये मान्यता मिळाली.

प्रतिजैविक एरवी आजार झाल्यावर लिहून दिले जाते. मुंबईत मात्र पावसाळ्यात ताप नसलेल्या, धडधाकट माणसालाही हे औषध दिले जाते, कारण तो हिंदमाताला किंवा मिलन सबवेपाशी गुडघाभर पाण्यातून चालून घरी आलेला असतो. भीती असते लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे मुंबईकरांच्या तोंडी असलेल्या ‘लेप्टो’ची.

लेप्टोचे जिवाणू मळसूत्रासारखे असतात. उंदीर, घुशी, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातून ते बाहेर पडतात आणि साचलेल्या पाण्यात, चिखलात तग धरून राहतात. पायाला जखम असेल, टाच भेगाळलेली असेल, पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलवटली असेल, तर तेवढी वाट त्यांना पुरते. डोळ्यांतून व तोंडातूनही ते शिरू शकतात. आजार साधारण ५ ते १४ दिवसांनी दिसू लागतो: थंडी वाजून ताप, डोकेदुखी, लालसर डोळे आणि पोटऱ्यांत असह्य दुखणे. बहुतेक रुग्ण बरे होतात. काहींची मात्र मूत्रपिंडे व यकृत निकामी होते किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग वेळ फार थोडा उरतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लाखो लोक छातीपर्यंतच्या पाण्यातून मैलोन्‌मैल चालत घरी पोहोचले. पुढच्या काही आठवड्यांत शहरात लेप्टोची मोठी साथ आली. आता पाणी तुंबले की ‘पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा’ असे आवाहन महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. या आवाहनातले ‘डॉक्टरांना दाखवा’ हे शब्द लोक गाळतात आणि थेट मेडिकलवर जातात. खरी अडचण तिथूनच सुरू होते.

कारण मात्रा सर्वांना सारखी नसते. पालिकेच्या सूचनांनुसार साधारणपणे असे ठरते: एकदाच पाण्यातून चाललेल्या आणि अंगावर जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस; पायाला जखम असेल तर तोच डोस रोज एकदा, तीन दिवस; मदतकार्यात किंवा सफाईच्या कामात पुन्हा पुन्हा पाण्यात उतरावे लागणाऱ्यांना आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्सीसायक्लीन देत नाहीत. वाढत्या दातांवर त्याचे कायमचे डाग पडू शकतात. त्यांच्यासाठी डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक निवडतात. आपण कोणत्या गटात बसतो हे दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही. त्यासाठी पाय बघावे लागतात, चालू असलेली औषधे विचारावी लागतात. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला किंवा पूर्वी या गटातल्या औषधाने अंगावर पुरळ उठलेल्याला तर विशेष जपावे लागते.

हा डोस कवच नव्हे. पनामात अमेरिकी सैनिकांवर झालेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत एकालाच लेप्टो झाला, तर औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत वीस जणांना. अंदमानातल्या चाचणीत चित्र थोडे निराळे दिसले. तिथे संसर्ग फारसा टळला नाही, पण आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण घटले. म्हणून गोळी घेतली तरी पाय साबणाने धुणे, जखम झाकणे आणि पुढच्या तापाकडे लक्ष ठेवणे सुटत नाही.

गोळी कशी घ्यायची, हे सांगायला गर्दीच्या ओपीडीत कुणाला सवड नसते. त्यामुळे ते इथे सविस्तर. रात्री उशिरा भिजून आलेला माणूस घोटभर पाण्याने कॅप्सूल घेतो आणि लगेच आडवा होतो. कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते, तिथेच विरघळते आणि आतल्या अस्तराला भाजल्यासारखी जखम करते. सकाळी छातीच्या मधोमध आग होते, थुंकी गिळतानाही कळ येते, आणि माणूस ॲसिडिटी समजून अँटासिड घेतो. म्हणून गोळी पोटात काही असताना, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. अँटासिड, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या या औषधाला पोटातच बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. या गोळ्या दोन-तीन तासांच्या अंतराने घ्याव्यात. दुधानेही शोषण थोडे घटते, तेव्हा गोळी चहाबरोबर न घेता पाण्याबरोबरच घेतलेली बरी. औषध चालू असताना कातडी उन्हाला हळवी होते. पाऊस उघडल्यावरच्या कडक उन्हात चेहरा, हात भाजल्यासारखे लाल होऊ शकतात.

डॉक्सीसायक्लीन अनुसूची ‘एच’मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते विकणे कायद्याला धरून नाही. प्रतिजैविकांच्या स्ट्रिपवरची उभी लाल रेघ हेच सांगते. तरीही स्ट्रिप कात्रीने कापून दोन-चार गोळ्या सुट्या दिल्या जातात. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरते तर कधी मुदतीची तारीख. गेल्या पावसाळ्यातला असा तुकडा डब्यातून काढून घेणे धोक्याचे आहे. मुदत संपून खराब झालेल्या टेट्रासायक्लीनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. शिवाय डेंग्यूवर किंवा साध्या विषाणूजन्य तापावर हे औषध काहीच करत नाही. उलट गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक गोळीने आतड्यातल्या इतर जिवाणूंना तिला दाद न देण्याची संधी मिळते, आणि तेच जिवाणू पुढे घरातल्या दुसऱ्या कुणाच्या आजारात भेटतात.

प्रतिबंधक डोस आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सौम्य लेप्टो झालेल्याला डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस देतात; गंभीर रुग्णाला रुग्णालयात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शने लागतात. त्यामुळे पाण्यातून चालल्यापासून महिनाभरात ताप आला, तर ‘गोळी घेतली होती’ म्हणून घरी थांबू नये. पालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढल्यावर दोन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात: कोणत्या दिवशी पाण्यातून चाललो, आणि गोळी कोणती, किती व कधी घेतली. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो पहिल्या दोन दिवसांत एकसारखेच दिसतात. रक्ताच्या कोणत्या तपासण्या आधी करायच्या, हे डॉक्टर याच दोन उत्तरांवरून ठरवू शकतात.