दीपा कर्माकर आणि सात गुणांची उडी

७ ऑक्टोबर २०२४ रोजी जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा पुन्हा एकदा तोच आकडा सगळीकडे फिरला: ०.१५०. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक तिच्या हातून तेवढ्या गुणांनी निसटलं होतं. पण तिची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर मला दुसरा एक आकडा जास्त कामाचा वाटतो. तो म्हणजे ७.०, प्रोदुनोव्हा नावाच्या उडीचं त्या काळातलं अवघडपणाचं मूल्य.

जिम्नॅस्टिक्स म्हटलं की आपल्या पिढ्यांना आठवतो तो नादिया कोमानेचीचा दहापैकी दहा, माँट्रियल, १९७६. ती पद्धत २००६ मध्ये मोडीत निघाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ऑल-अराउंड (सगळ्या साधनांवरचे गुण मिळून होणाऱ्या) स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या कसरतीचं आरंभमूल्य, म्हणजे ज्यातून चुकांचे गुण कापले जातात तो आकडा, पंचांनी कमी धरलं, सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे गेलं आणि प्रकरण लवादापर्यंत पोहोचलं. त्यानंतर आलेल्या नियमावलीत गुणांचे दोन भाग झाले. कसरत किती अवघड, याचे गुण वेगळे. ती किती नीट केली, याचे दहापैकी गुण वेगळे. दोन्हींची बेरीज म्हणजे अंतिम गुण. वरची मर्यादा गेली आणि अवघडपणाला रोख भाव आला. पडलात तर एक गुण जातो, पण अवघडपणाचे गुण तुमचेच राहतात.

हा बदल बड्या देशांसाठी जेवढा महत्त्वाचा होता, त्याहून जास्त आपल्यासारख्यांसाठी होता. बीम (अरुंद पट्टी), बार्स (दांड्या) आणि फ्लोअर (जमिनीवरची कसरत) ही लहानपणापासून वर्षानुवर्षं घडवायची कामं आहेत. उत्तम साधनं लागतात, कोरिओग्राफर लागतो, आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा सराव लागतो. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी मारण्याच्या प्रकाराला, पंचवीस मीटरची धाव आणि काही सेकंद. अंतिम फेरीत दोन वेगळ्या प्रकारच्या उड्या मारायच्या, त्यांची सरासरी काढायची. साधनं तुटपुंजी असतील तर जागतिक पातळीवर शिरायला हेच एक दार होतं, आणि दीपाचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी ते ओळखलं.

त्रिपुरात जिम्नॅस्टिक्स कसं, हा प्रश्न २०१६ मध्ये बऱ्याच जणांना पडला. खरं तर तिथे ते अर्धशतक रुजलेलं होतं. १९६० च्या दशकात दलीप सिंग नावाचे प्रशिक्षक आगरतळ्यात आले आणि त्यांनी मुलं घडवायला सुरुवात केली. मंटू देबनाथ यांना १९७५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, कल्पना देबनाथ यांना २००० चा. नंदी याच परंपरेतले, स्वतः राष्ट्रीय पातळीवरचे जिम्नॅस्ट. दीपाचे वडील दुलाल कर्माकर हे क्रीडा प्राधिकरणाचे वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. ९ ऑगस्ट १९९३ ला जन्मलेली दीपा सहाव्या वर्षी बिश्वेश्वर यांच्या पत्नी सोमा नंदी यांच्याकडे शिकायला गेली, मग बिश्वेश्वर यांच्याकडे. तिचे तळपाय सपाट होते. उडीसाठी जो झटका लागतो आणि उतरताना जो भार पेलावा लागतो, त्या दोन्हीला हे बाधक. पायाला कमान यावी म्हणून कित्येक महिने व्यायाम चालले. सुरुवातीची साधनं कशी होती, तर जुन्या स्कूटरचे सुटे भाग वापरून केलेली आणि एकावर एक गाद्या रचून उभारलेली.

२००८ मध्ये जलपायगुडीत ती कनिष्ठ गटात राष्ट्रीय विजेती झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत ती संघात होती, पण तिथे गाजला तो आशिष कुमार: व्हॉल्टला रौप्य, फ्लोअरला कांस्य, या स्पर्धांमधली जिम्नॅस्टिक्समधली भारताची पहिली पदकं. पुढच्याच वर्षी रांचीच्या राष्ट्रीय स्पर्धेत दीपाने पाच सुवर्णपदकं घेतली. देशात तिला तोड उरली नाही. बाहेर मात्र तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रोदुनोव्हा इथे येते. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हाने १९९९ मध्ये ती स्पर्धेत यशस्वी केली, म्हणून तिचं नाव. धावत येऊन स्प्रिंगबोर्डवरून टेबलावर हात टेकायचे, पुढच्या अंगाने उसळायचं आणि जमिनीवर येण्याआधी हवेत पुढे दोन पूर्ण कोलांट्या घ्यायच्या. पुढच्या कोलांटीत जमीन अगदी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. फिरणं थोडं कमी पडलं तर मानेवर आदळण्याची भीती. म्हणून इंग्रजी पत्रकारांनी तिला मृत्यूची उडी वगैरे म्हटलं आणि आपल्या वाहिन्यांनी ते आनंदाने उचललं. त्या आरड्याओरड्यात हिशेब बाजूला राहिला. त्याच काळात सिमोन बाइल्सची अमानार उडी ६.३ ची होती. म्हणजे दीपा धावायला लागायच्या आधीच सात दशांश पुढे. उतरताना ती खोल बसायची, कंबर गादीला लागते की काय असं वाटायचं, तिथे गुण कापले जायचे. तरी बेरीज पुरायची.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत याच उडीच्या जोरावर तिला कांस्य मिळालं. भारतीय महिला जिम्नॅस्टचं ते पहिलं राष्ट्रकुल पदक. २०१५ मध्ये हिरोशिमाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य, त्याच वर्षी ग्लासगोतच जागतिक स्पर्धेच्या व्हॉल्ट अंतिम फेरीत पाचवी. एप्रिल २०१६ मध्ये रिओतल्या पात्रता स्पर्धेत ५२.६९८ गुण मिळवून तिने ऑलिंपिक गाठलं. याआधी भारताचे अकरा जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेले होते, १९५२ मध्ये दोन, १९५६ मध्ये तीन, १९६४ मध्ये सहा. सगळे पुरुष. मध्ये बावन्न वर्षं कोणीच नाही.

रिओत पात्रता फेरीत ती व्हॉल्टला आठवी, म्हणजे अंतिम फेरीतली शेवटची जागा. १४ ऑगस्टला अंतिम फेरी. आपल्याकडे रात्र बरीच झाली होती, स्वातंत्र्यदिन उजाडायला थोडाच वेळ होता. पहिली उडी सुकाहारा ७२०, म्हणजे दोन पूर्ण पिळांची: १४.८६६. दुसरी प्रोदुनोव्हा: अवघडपणाचे ७.०, सादरीकरणाचे ८.२६६, एकूण १५.२६६. सरासरी १५.०६६. बाइल्सला १५.९६६, मारिया पासेकाला १५.२५३, स्वित्झर्लंडच्या जुलिया स्टाइनग्रुबरला १५.२१६. दीपा चौथी. त्याच फेरीत एक्केचाळीस वर्षांच्या ओक्साना चुसोविटिनानेही प्रोदुनोव्हा मारली, पण उतरताना पुढे गडगडली आणि सातवी आली. त्या बाईंबद्दल वेगळाच लेख लिहायला हवा.

मग खेलरत्न, पद्मश्री, आणि सचिन तेंडुलकरच्या हस्ते मिळालेली ती बीएमडब्ल्यू. आगरतळ्यात गाडीचं सर्व्हिस सेंटर नाही, रस्तेही तसे नाहीत, म्हणून कर्माकर कुटुंबाने ती परत केली. यावर तेव्हा बरेच विनोद झाले. मला तो निर्णय प्रोदुनोव्हाइतकाच हिशेबी वाटला.

पुढच्या ऑलिंपिक चक्रात, २०१७ पासून, नियमावलीने प्रोदुनोव्हाचं मूल्य ६.४ वर आणलं. जोखीम तीच, मोबदला कमी. त्याच वर्षी सरावात दीपाच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सावरल्यावर तिने गुडघ्याला कमी त्रास देणारी ५४० अंशांच्या पिळाची हँडस्प्रिंग उडी हाताशी धरली. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण आणि नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या कॉटबुसला कांस्य. पण २०१९ मध्ये बाकूला गुडघा पुन्हा दुखावला आणि टोकियो ऑलिंपिक हुकलं.

त्यानंतरचं प्रकरण सांगायला अवघड, पण गाळून चालणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पर्धेबाहेर घेतलेल्या नमुन्यात हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. आपल्या नकळत ते शरीरात गेलं, असं तिचं म्हणणं होतं. एकवीस महिन्यांची बंदी १० जुलै २०२३ ला संपली. बंदी जाहीर झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये. तोवर ती स्पर्धांतून गायब का, याचे तर्कच चालले होते.

मे २०२४ मध्ये ताश्कंदला तिने १३.५६६ गुणांसह आशियाई व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. वय तीस. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय जिम्नॅस्टला मिळालेलं हे पहिलंच सुवर्ण. काही महिन्यांतच तिने थांबायचं ठरवलं.

तिच्यानंतर अरुणा बुद्दा रेड्डीने २०१८ मध्ये मेलबर्नच्या वर्ल्ड कपमध्ये कांस्य घेतलं, प्रणती नायकने २०१९ आणि २०२२ मध्ये आशियाई कांस्य. प्रणती टोकियोलाही गेली. ही सगळी पदकं व्हॉल्टचीच. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत बॅलन्स बीमच्या अंतिम फेरीत जाऊन पाचवी आली ती पुन्हा दीपाच. पॅरिसला, २०२४ मध्ये, भारताचा एकही जिम्नॅस्ट नव्हता.