स्टेंट बसला म्हणजे मधुमेहींचं हृदय कायमचं सुरक्षित?

‘अँजिओप्लास्टी झाली, आता गोळ्या नकोत,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे; छातीतली कळ खरोखरच थांबते. पण अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली साधारण दोन-तीन सेंटीमीटरची जाळी, ती तेवढाच अडथळा उघडते. मधुमेहात आजार इतर रक्तवाहिन्यांतही वाढत राहतो. अनेक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १९०० मधुमेहींच्या २०१२ सालच्या अभ्यासात पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचं प्रमाण स्टेंटनंतर २६.६ टक्के, तर बायपासनंतर १८.७ टक्के होतं. (एकटा पक्षाघात मात्र बायपासनंतर जास्त.) घरातलं डिस्चार्ज कार्ड काढून बघा: अडथळे किती वाहिन्यांत होते, स्टेंट कितींत बसला? ते डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.