240 मीटरची सांगली, 3 मीटरचं कोल्हापूर

मागच्या महिन्यात वडापनं पन्हाळ्याच्या पल्याड चाललो होतो. गडाला वळसा पडला आणि गाडीतलं कोल्हापूर आकाशवाणी खरखरायला लागलं. ड्रायव्हरनं रेडिओवर दोन थापा मारल्या. "सर, ह्यांनी टॉवरची पॉवर कमी केल्या बघा." मागच्या दोघांनी लगेच होकार भरला.

पॉवर कुणी कमी केलेली नव्हती. मधे पन्हाळा आला होता. एखादं केंद्र 'आपल्या गावचं' होतं ते नुसत्या सरकारी निर्णयानं नव्हे. त्यात लहरीच्या लांबीचाही मोठा हात असतो, आणि कोल्हापूरच्या रेडिओची गोष्ट याचं फार सुंदर उदाहरण आहे.

कोल्हापूरकरांचा जुना रेडिओ म्हणजे सांगली केंद्र. ते 1963 साली सुरू झालं, मध्यम लहरींवर, 1251 किलोहर्ट्झला. प्रकाशाच्या वेगाला या आकड्यानं भागलं की एका लहरीची लांबी येते सुमारे 240 मीटर, म्हणजे दोन फुटबॉल मैदानांहून जास्त. एवढ्या लांब लहरीला झाड, वाडा, टेकाड यांची फारशी अडचण होत नाही. ती जमिनीला धरून, तिच्या वळणानं पुढं सरकते. म्हणून सांगलीतून निघालेले बाजारभाव आणि भजनं करवीरच्या गोठ्यापर्यंत ऐकू यायची. आजोबा ट्रान्झिस्टर फिरवून फिरवून आवाज 'लावायचे', त्यालाही शास्त्र होतं. आत फेराइटची कांडी असते. ती केंद्राच्या दिशेला आडवी धरली की आवाज खणखणीत येतो, केंद्राकडे रोखली की बसतो. सांगली आपल्या पूर्वेला, म्हणून कांडी दक्षिणोत्तर हवी.

कोल्हापूर आकाशवाणी नव्वदच्या दशकात आली ती एफएमवर, 102.7 मेगाहर्ट्झला. इथं लहर उरली जेमतेम 3 मीटरची. तिचा पाव भाग 73 सेंटीमीटर, म्हणूनच रेडिओची दांडी साधारण तेवढी ओढून काढावी लागते. ही लहर बरीचशी प्रकाशासारखी सरळ जाते. सपाट मुलखात 100 मीटर उंचीवरच्या अँटेनाला साधारण 41 किलोमीटरपर्यंत 'दिसतं', पुढं पृथ्वीची गोलाईच आड येते. डोंगर त्याआधीच वाट अडवतो. सांगलीच्या लहरीनं आसपासचे जिल्हे एका सुरात बांधले. या आखूड लहरीनं डोंगरांमधला आपला टापू तेवढा वेगळा काढला, आणि तिथं कोल्हापूरचं बोलणं कोल्हापूरपुरतं होऊ शकलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. 98.3 वर पुण्यात रेडिओ मिर्ची लागते आणि कोल्हापुरातही मिर्चीच लागते. एकाच आकड्यावर दोन केंद्रं असून दोन्ही एकमेकांत का मिसळत नाहीत? अंतर हे एक कारण झालं. पण दोघांचे सूर जिथं पोचतात तिथंही खिचडी होत नाही, एक केंद्र दुसऱ्याला चक्क गिळतं.

रंकाळ्यावर उभे आहात असं समजा. पाण्यात एक काठी रोवलेली आहे आणि तिच्यावर शांत पाण्याच्या पातळीची खूण. मध्यम लहरींचा रेडिओ लाट किती उंच आली ते मोजतो. मोठ्या लाटेवर बारकी लाट चढली की उंची बदलते, म्हणजे दोन्ही ऐकू येतात, वर शिट्टी वाजते ती वेगळीच. वळवाची वीज कडाडली की तीही उंचीतच भर घालते, म्हणून कडकड ऐकू येते. एफएमचा रेडिओ उंचीकडे बघतच नाही, जास्तीची उंची तो छाटून टाकतो. पाण्यानं ती खूण सेकंदाला किती वेळा ओलांडली, एवढंच तो पाहतो. गाण्याचा चढउतार त्या संख्येतल्या बारीक फरकात भरलेला असतो, मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झपर्यंत. मोठ्या लाटेवर छोटी लाट कितीही नाचू दे, सरासरीनं खूण ओलांडली जाते ती मोठ्या लाटेच्याच हिशेबानं. छोटीनं फार तर एखादं ओलांडणं किंचित मागंपुढं होतं. दुबळं केंद्र त्यामुळं जवळजवळ नाहीसंच होतं. मला ही युक्ती शिकून चाळीस वर्षं झाली, अजून तिचं कौतुक ओसरलेलं नाही.

टॉवरबद्दल एक सांगायलाच हवं. पवनचक्क्या ढग पळवतात अशी अफवा आपल्याकडे पसरली होती, तशीच भीती रेडिओच्या टॉवरचीही घातली जाते. 10 किलोवॅटचा प्रक्षेपक धरला आणि ऊर्जा सगळीकडे सारखी पसरते असं मानलं, तर एक किलोमीटरवर दर चौरस मीटरला एक मिलिवॅटही पोचत नाही. दुपारचं ऊन तिथंच सुमारे 1000 वॅट ओततं, म्हणजे दहा लाखपटींहून जास्त. ढगांनी टॉवरला भिऊन पळायचं काही कारण नाही.

आणि 'आता ॲप आलं, रेडिओ संपला' म्हणणाऱ्यांनी 2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवावा. आमच्या गल्लीत वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता. ॲपवर प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळी जोडणी लागते, ती चालू ठेवायला शहरभरचे मोबाइल टॉवर जिवंत लागतात. रेडिओची लहर एकदाच निघते. ती एकानं घेतली काय, लाखानं घेतली काय, प्रक्षेपकावर जास्तीचा भार पडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या रात्री शेजारच्या काकू दोन सेलचा रेडिओ घेऊन जिन्यात बसल्या होत्या, आणि चारी मजल्यांची माणसं पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसून फुटांचा आकडा ऐकत होती.