मराठवाड्यातले युरोपीय धाटणीचे बंगले : पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या रस्त्यांवर पाच-सहा हजार चौरस फुटांचं घर बांधायला निघालं की एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, बहुधा ठरलेलं असतं. पोर्चला दुमजली कॉलम, वर त्रिकोणी शिखर, गोल कमानीच्या खिडक्या, गच्चीला बलस्टरचा, म्हणजे छोट्या फुगीर खांबांचा कठडा. ही हौस मोबाइलवरची चित्रं पाहून आली असं सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. धाटणी इथे जुनीच आहे, तिच्या मागची भिंत मात्र बदलली. ती का बदलली हे पाहायला १९९३ पर्यंत यावं लागतं.

त्याआधीचं थोडक्यात. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना बड्या घरांचा आदर्श हैदराबादेत होता आणि हैदराबादेत तो युरोपातून आला होता. तिथल्या इंग्रज रेसिडेंटची, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीची, कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या) खांबांची कोठी १९व्या शतकाच्या सुरुवातीची, तर फलकनुमा राजवाडा त्याच शतकाच्या अखेरचा. शिवाय जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजांच्या छावण्या होत्या. छावणीचा बंगला म्हणजे चौफेर व्हरांडा, उंच छत, उतरतं छप्पर. १९०० च्या सुमाराला मनमाड ते हैदराबाद रेल्वे सुरू झाली, तशी लांबचं बांधकाम साहित्य आणणं सोपं झालं. गावातल्या देशमुखांनी, सावकारांनी यातलं निवडून घेतलं. आत चौक, ढेलज (दारामागची पडवी), माळवद (मातीचं सपाट छप्पर) तसंच ठेवलं आणि दर्शनी बाजूला गोल कमान, क्वचित चुन्यात काढलेली वेलबुट्टी आली. ती कमान भार पेलणाऱ्या दगडी भिंतीतूनच घडवलेली असे. वडारांनी घडवलेला चिरा, बैलघाणीत मळलेला चुना आणि कमानीची चावी, म्हणजे मधोमधचा अडकवणारा दगड, यातलं काहीही वरून चिकटवलेलं नव्हतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मृतांचे आकडे ८ ते १० हजारांच्या दरम्यान सांगितले जातात. बहुतेक माणसं स्वतःच्याच घराखाली दबली. गावातली दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड असे, पण ती खरं तर दोन भिंतींची असे. बाहेरचा थर एक, आतला एक, मध्ये मातीत भरलेले छोटे दगड. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हता. डोक्यावर माळवदाच्या मातीचा फूट-दीड फूट थर. हादऱ्याने थर सुटे झाले आणि छप्पर खाली आलं. पण त्याच गावांत लाकडी खांब-तुळयांच्या खणाची काही घरं अशी होती, की भिंती ढासळल्या तरी सांगाडा छप्पर धरून उभा राहिला.

पुनर्वसनाचा निर्णय आजही वादाचा आहे. परदेशी कर्जाच्या मदतीने सुमारे ५० गावं नव्या जागी वसवली गेली आणि त्याशिवाय मोठ्या संख्येने घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण ठरलं. आरपार दगड घाला, भिंतीला आडवे काँक्रीटचे पट्टे द्या, माळवदाची माती कमी करा, म्हणजे दगडी घरही टिकेल, असं तंत्रज्ञ सांगत होते. ते बरोबर होतं. पण ज्या घरात माणसं गेली, तिथल्या लोकांना दगड नको होता. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि कागदावरचा नकाशा दाखवून ती जाणारही नव्हती. दुरुस्तीचे पैसे घेऊन अनेकांनी जुन्या घराला हात न लावता शेजारी काँक्रीटची खोली बांधली. माझ्या मते खरी चूक इथे झाली: दोष जोडणीत होता आणि शिक्षा दगडाला झाली. खणाच्या घरांनी दिलेला पुरावा डोळ्यांसमोर असूनही तो धोरणाच्या मध्यभागी आला नाही. दगडी काम घटत गेलं तसे त्या कामाचे हातही घटले. पुढच्या पिढीचा गवंडी सळई, शटरिंग आणि स्लॅब शिकला.

म्हणून नंतर पैसा आला तेव्हा घर आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचंच झालं. साखर, बियाणं, स्टील, शिकवण्या, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतल्या जमिनी असे त्या पैशाचे अनेक रस्ते होते. सांगाड्याला युरोपीय रूप द्यायचं तर ते वरूनच द्यावं लागतं. आधी सिमेंटचे साचे आणि पीओपी होतं, आता जीआरसी (काचतंतू मिसळलेलं काँक्रीट) आणि लेप दिलेलं थर्माकोल आहे. मुलामा मुळात वाईट नाही. इटलीतल्या विचेंझा शहरातले १६व्या शतकातले काही गाजलेले खांबही विटांचे आणि वरून गिलाव्याचे आहेत. फरक इतकाच की त्या विटा भार घेतात, त्यामुळे खांबाची जाडी उंचीशी बांधलेली राहते. त्या काळच्या नियमांत खांबांचे प्रकार ठरलेले होते: टस्कन खांबाची उंची व्यासाच्या ७ पट, डोरिकची ८, आयोनिकची ९, कोरिंथियनची १०. आपल्याकडे ९ बाय १५ इंचांच्या आरसीसी कॉलमला गोल वेष्टन दिलं की व्यास १८ इंच होतो आणि पोर्चची उंची २२ फूट असली तर प्रमाण जवळपास १५ पट. कोरिंथियन माथा लावूनही तो खांब किडकिडीत दिसतो, कारण त्याला २६ इंच तरी हवे होते. हा हिशेब नकाशावरच करता येतो, फारसा खर्चही वाढत नाही, तरी तो क्वचितच होतो.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरुमापर्यंत नेला नाही तर पहिली चीर सहसा सांगाडा आणि चिकटवलेल्या मोल्डिंगच्या सांध्यात दिसते. कॉर्निसच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्याशी पुढे आलेल्या पट्टीच्या, खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर दोन पावसाळ्यांत भिंतीवर काळे ओघळ येतात.

अलीकडे काही मालक काळा दगड परत मागू लागले आहेत. आता तो कापीव फरशीच्या रूपात येतो, २० ते ३० मिलिमीटर जाड, उंचावर स्टीलच्या क्लॅम्पने सांगाड्याला अडकवलेला.