जलसंपत्तीविषयक माहितीचे आदानप्रदान (भारत)

पाऊस, नद्यांची पातळी व विसर्ग, धरणांतील साठा, भूजल आणि पाण्याची गुणवत्ता यांच्या नोंदी एका यंत्रणेने दुसऱ्या यंत्रणेला, तसेच संशोधक, शेतकरी गट व नागरिक यांना वापरता येतील अशा रूपात उपलब्ध करून देण्याची व्यवस्था. भारतात पाणी हा मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून त्याची मोजणी अनेक खात्यांत विभागलेली आहे. पावसाची नोंद भारतीय हवामानशास्त्र विभाग ठेवतो, प्रमुख नद्यांची केंद्रीय जल आयोग आणि भूजलाची केंद्रीय भूजल मंडळ. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला जलसंपदा विभागाची सरितामापन केंद्रे (नद्यांची पातळी व विसर्ग मोजणारी ठिकाणे) आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत.

या विखुरलेल्या नोंदींना एका पद्धतीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये सुरू झालेला जलविज्ञान प्रकल्प. मुख्यतः द्वीपकल्पीय राज्यांत राबवलेल्या या प्रकल्पातून मोजणीची केंद्रे वाढली, कागदी नोंदवह्यांतील आकडे संगणकावर आले आणि ते तपासून जतन करणारी माहिती केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्राचे असे केंद्र नाशिक येथे आहे. आकडेवारी कोणाला व कशासाठी हवी आहे हे समजावे म्हणून वापरकर्त्यांचे गटही नेमण्यात आले, आणि ही कल्पना यंत्रसामग्रीइतकीच मोलाची होती. दुसरा टप्पा २००६ मध्ये सुरू झाला आणि २०१६ पासून राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प या नावाने काम देशभर विस्तारले. माहितीच्या एकत्रीकरणासाठी २०१८ मध्ये राष्ट्रीय जलमाहिती केंद्र स्थापन झाले.

आकडे एकमेकांना देणे पुरेसे नसते, ते एकमेकांशी जुळावेही लागतात. धरणाचा साठा कोठे टीएमसीत (अब्ज घनफूट), तर कोठे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) सांगितला जातो. सांगलीच्या आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, तर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ती ४३ फूट आहे. हे फूट त्या त्या ठिकाणच्या मापपट्टीचे असतात, तर केंद्रीय जल आयोग समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये देतो. प्रत्येक मापपट्टीच्या शून्याची उंची ठाऊक नसेल, तर या पातळ्यांवरून नदीच्या पाण्याचा उतार काढता येत नाही. भूजलाचेही तसेच आहे. पावसाळ्यानंतरची पातळी राज्याची यंत्रणा ऑक्टोबरमध्ये, तर केंद्रीय मंडळ नोव्हेंबरमध्ये मोजते. मधल्या काळात रब्बीचा उपसा सुरू झालेला असल्याने दोन्ही आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणे चुकीचे ठरते. म्हणून मोजणीची तारीख, जागा, एकक व पद्धत यांची नोंद हा आकडेवारीचाच भाग मानला पाहिजे.

वेळेचे महत्त्व कृष्णेच्या पुरात सर्वाधिक जाणवते. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनंतर कोयना व अन्य धरणांतून सोडलेले पाणी, पंचगंगेची आवक आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा विसर्ग यांची माहिती दोन्ही राज्यांनी एकमेकांना तत्काळ देण्याची निकड स्पष्ट झाली. कृष्णा व भीमा खोऱ्यांत जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभारले गेले, ज्यावरून विसर्गाचा अंदाज बांधता येतो. मात्र राज्याच्या सीमेपलीकडील आकडे मिळाल्यावाचून असा अंदाज अपुरा राहतो.

आंतरराज्य नदी पाणी विवाद अधिनियम, १९५६ यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक नदीखोऱ्याची राष्ट्रीय माहितीपेढी राखण्याचे काम केंद्राकडे सोपवले व राज्यांवर आकडेवारी पुरवण्याची जबाबदारी टाकली. राष्ट्रीय सुरक्षेसाठी गोपनीय ठरवलेली माहिती वगळता सर्व जलवैज्ञानिक माहिती जनतेसाठी खुली असावी, असे २०१२ चे राष्ट्रीय जलधोरण सांगते. सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा या आंतरराष्ट्रीय खोऱ्यांतील बरीच आकडेवारी या अपवादात मोडते, त्यामुळे तेथील संशोधकांना परवानगीची वाट धरावी लागते.

गावपातळीवर माहितीचा हा प्रवाह दोन्ही दिशांनी चालणे आवश्यक आहे. महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीने पाऊस व विहिरींच्या पातळीवरून पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि भूजलाची माहिती गावात जाहीर व्हावी, अशी अपेक्षा आहे. रब्बीच्या पेरणीपूर्वी हा ताळेबंद ग्रामसभेपुढे आला, तर कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे याचा निर्णय त्यावरून करता येतो.